सुभेदारांचा चौदावा भाग

आमच्या घरमालकांच्या सोप्यात हजेरी झाल्याशिवाय एकही राक्षस मरत नसे.

आखाड लागला की रोज दुपारी बरोबर चार वाजता ते सोप्यात पाट मांडत, पाटावर खाकी बासनात गुंडाळलेलं पुस्तक ठेवत, चष्म्याचा दोरा कानामागं अडकवत आणि समोर बसलेल्या तीसेक माणसांची नावं खड्या आवाजात पुकारत. त्यात धनगरवाड्यावरच्या बायका असत, म्हातारे असत, सुतार असे, गावचा न्हावी असे. प्रत्येकानं "हाजीर" म्हणायचं. कुणी चुकून "हाय की" म्हणालं, तर पुस्तक मिटायचं.

"हाय की म्हंजी? ही पलटन हाय का बाजार?"

मग तो माणूस ओशाळून "हाजीर" म्हणे आणि राक्षसाच्या मरणाला वाट मोकळी होई. वाचताना कुणाला डुलकी लागली, तर त्याला उरलेला अध्याय उभ्यानं ऐकावा लागे. एकदा झोपलेला निघाला तो आमच्या शाळेचा तपासनीस. पाहुणा म्हणून ऐकायला बसला होता. त्यालाही उभं केलं. माझी नोकरी जाते की काय, या भीतीनं मला त्या दिवशी पुढचं काही ऐकू आलं नाही.

सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणे. खरं म्हणजे पहिल्या महायुद्धातून ते नाईक होऊन सुटले होते. सुभेदार ही बढती गावानं परस्पर देऊन टाकलेली. त्यांनी ती कधी नाकारली नाही. "सरकारनं दिली आसती तर पेन्शन वाढली आसती, गावानं दिली म्हून मान वाढला," एवढंच म्हणत.

मी कृष्णाकाठचा. उसात वाढलेला. दुसरी लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझी बदली आटपाडीकडच्या त्या माळावरच्या गावात झाली. पहिल्याच दिवशी सुभेदारांनी मला खोली दाखवली, आंघोळीसाठी एक तांब्या दाखवला आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं पान्यात म्हशी डुंबत्यात. हितं मानसं भिजली तरी लय झालं." त्या तांब्यात मी आंघोळ कशी करायचो ते आता मलाही सांगता यायचं नाही. पण करायचो.

आता त्या पुस्तकांविषयी. ती पोथी नव्हती, पुराण नव्हतं, इतिहासही नव्हता. ती होती चौदा भागांची एक अद्भुत कादंबरी. जादूगार, बोलणारे हत्ती, आरशातलं नगर, डोंगराच्या पोटातला किल्ला, असला सगळा मामला. लढाईवरून परत येताना मिरज स्टेशनात सुभेदारांची गाडी चुकली. वेळ काढायला म्हणून त्यांनी पहिला भाग विकत घेतला आणि पुढची गाडीही चुकवली. बाकीचे भाग लेखकाच्या सवडीनं एकेक करत निघाले आणि टपालानं येत राहिले. चौदावा हातात पडला त्या दिवशी सुभेदारांनी गावात साखर वाटली. लोकांना वाटलं, मुलगा झाला. सुभेदारांच्या बायकोला, काकूंना, मूल नव्हतं. त्या म्हणाल्या, "चौदा झाली की मला. आनि किती?"

तेव्हापासून दर पावसाळ्यात पहिल्या भागापासून चौदाव्यापर्यंत वाचन. मेंढरं घेऊन धनगर दसऱ्यानंतर खाली नदीकाठी उतरत, त्याच्या आत समाप्ती व्हायचीच. गावानं त्याचं पारायण करून टाकलं. बायका पाटापुढं मूठभर बाजरी ठेवायच्या, काकू उदबत्ती लावायच्या, समाप्तीला नारळ फुटायचा. मी त्या काळी निबंध वाचणारा, नाकानं कांदे सोलणारा माणूस. मी एकदा हळूच म्हटलं, "सुभेदार, ही करमणुकीची पुस्तकं. यांना उदबत्ती कशाला?"

"मास्तर, तुमी किती डाव वाचलीती?"

"एकदाही नाही."

"मग गप बसा."

मी गप बसलो आणि ऐकू लागलो. दुसरं करणार काय? त्या गावात चार वाजता दुसरं काहीच घडत नसे.

गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका काळ्या राजानं मुलखातल्या सगळ्या नद्या एका डोंगराच्या पोटात कोंडून ठेवलेल्या असतात. त्या सोडवायला एक राजपुत्र निघतो. त्याच्याबरोबर बैलावर कातडी पखाल घालून पाणी वाहणारा एक गरीब पखाली असतो. वाटेत त्यांना चांदीच्या डबीत अंजन मिळतं. डोळ्यांत घातलं की माणूस दिसेनासा होतो. पण दर खेपेला जगातला एकेक माणूस त्याला कायमचा विसरतो. आधी लांबचे विसरतात, मग जवळचे. राजपुत्र डबीला हात लावत नाही, कारण त्याला नाव हवं असतं. पखाली अंजन घालत जातो. तेराव्या भागाअखेर जगात त्याला ओळखणारी एकच व्यक्ती उरलेली असते, त्याची आई. चौदाव्या भागात तो शेवटचं अंजन घालतो, डोंगरात शिरतो, कुलूप तोडतो. पाणी सुटतं. पखाली परत येत नाही, आई त्याला विसरते आणि नगारे राजपुत्राच्या नावाचे वाजतात.

पाण्यासाठी तीन मैल जाणाऱ्या बायका हे ऐकत, तेव्हा सरकत सरकत पाटापर्यंत येत.

एका दुपारी सुभेदार बाहेर गेलेले असताना मी त्यांचे भाग चाळले. आणि थक्क झालो. समास पेन्सिलीनं भरलेले होते. लेखकानं हत्तींचं सैन्य दोन दिवसांत वाळवंट ओलांडून नेलं होतं, तिथं शेरा होता: "दोन दिवसांत अशक्य. पाच लागतील. चारा कुठाय?" वेढ्याच्या वर्णनाशेजारी: "पाणी कोण पुरवतंय ते लिहिलं नाही. बसऱ्याकडं असंच झालं." हा झाला पलटणीचा माणूस. पण प्रत्येक वाचनाचे शेरे वेगळ्या वर्षाचे होते आणि त्यात एक माणूस हळूहळू म्हातारा होताना दिसत होता. पहिल्या वाचनाला राजपुत्राच्या प्रत्येक वाक्याशेजारी "शाब्बास". चौथ्या वाचनाला त्याच वाक्यांशेजारी "बोलतो फार". सातव्याला राजपुत्राच्या बापाविषयी, म्हाताऱ्या राजाविषयी: "सिंहासनावर बसून हुकूम सोडतो. आमचा कर्नल." आणि दहाव्या-अकराव्या वाचनाला काळ्या राजापाशी पेन्सिल बराच वेळ टेकली असावी, कारण तिथं कागद खोल दबला होता. लिहिलं होतं: "यानं पाणी का कोंडलं?"

मी त्यांना विचारलं, तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्याशी बरोबरीच्या माणसासारखं बोलले.

"मास्तर, त्यो दुष्ट हाय आसं लिवलंया. मी बी दहा वर्सं तसंच वाचलं. मग एका दुष्काळात आमच्या हिरीवर मी काठी घेऊन बसलो. कुनाला घागर भरू दीना. चार दिस बसलो. पाचव्या दिवशी वाचायला बसलो तर ह्यो राजा फुडं आला, आन् काठी टाकली. ज्येनं तहान बघितली त्योच पानी कोंडतो. त्यो दुष्ट न्हाई, भ्यालाय."

मी पुष्कळ पुस्तकं वाचली होती. एकाही पुस्तकानं मला विहिरीवरून उठवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सुभेदारांकडं निराळ्या नजरेनं बघू लागलो. चारच्या हजेरीला माझं "हाजीर" सगळ्यांत मोठ्यानं येऊ लागलं.

धनगरवाड्यावरची आक्का रोज पाटासमोर पहिल्या रांगेत असे. आक्का म्हणजे पन्नाशीची विधवा, कपाळावर गोंदण, बोलणं सुरीसारखं. तिचा एकुलता एक मुलगा बिरा लहानपणापासून शेजारी बसून शेंगा खात ही गोष्ट ऐकत वाढला होता. त्याला भरतीला नेऊन उभं केलं ते सुभेदारांनी. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात तो कवायत शिकून ब्रह्मदेशाकडं गेला. त्याची पत्रं आली की आक्का ती सुभेदारांकडून वाचून घेई.

दोन वर्षांनी, श्रावणात, एक तांबडट सरकारी पाकीट आलं. आक्का ते घेऊन आली तेव्हा चारला थोडा अवकाश होता. मजकूर इंग्रजी होता म्हणून सुभेदारांनी तो माझ्याकडं दिला. मी वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.

"मास्तर, जसं हाय तसं सांगा," सुभेदार म्हणाले.

"बिराचा पत्ता लागत नाही," मी म्हणालो. "लढाईनंतर मोजदादीत तो सापडला नाही. मेला असं लिहिलेलं नाही. पण जिवंत आहे असंही नाही."

आक्कानं पाकीट घेतलं, घडी करून कनवटीला लावलं. रडली नाही. त्या दिवशीही हजेरीला बसली, नाव पुकारल्यावर "हाजीर" म्हणाली. सुभेदारांनीच एक ओळ दोनदा वाचली. भाग अकरावा चालू होता.

तेरावा संपला त्या दुपारी सगळे उठून गेल्यावर ती मागं थांबली. मी खोलीच्या दारात होतो.

"सुभेदार, एक मागायचंय."

"माग की, आक्का."

"चौदावा वाचू नगा."

सुभेदारांनी हातातला तेरावा मिटून पाटावर ठेवला.

"त्यात आई इसरती. मला ठावं हाय, लय डाव ऐकलंय. प्वार माजा कुटं हाय कुनाला म्हाईत न्हाई. आता त्येला वळकनारी मी येकलीच. तुमी चौदावा वाचला आन् मी इसरली तर? मग त्यो कुनाकडं यील?"

मला वाटलं, सुभेदार तिची समजूत घालतील. पुस्तक वेगळं, आपण वेगळे, असं काहीतरी सांगतील. मी तर तसं बोलायला तोंडही उघडलं होतं. पण ते उठून उभे राहिले आणि चौदावा भाग बासनासकट तिच्यापुढं धरला.

"तुज्या हातानं ठेव त्या पेटीत," ते म्हणाले. "तू सांगंस्तवर न्हाई उघडायचा."

आक्कानं तो ठेवला. ज्या माणसानं तापात फणफणत असतानाही वाचन मोडलं नव्हतं, त्यानं तेराव्या भागावर त्या वर्षीचं पारायण थांबवलं. समाप्तीचा नारळ फुटला नाही. लोक चुळबुळले, पण मुलगा हरवलेल्या बाईसाठी केलं म्हणून गप राहिले.

पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला.

आता गाव म्हणजे गाव. आधी चावडीवर कुजबुज झाली, मग पाणवठ्यावर. डोंगरातलं पाणी सुभेदारांनी सोडलं नाही, मग आभाळातलं कुठून सुटणार? मी शाळेत शिकलेला, मला हसू आलं. पण ज्या लोकांनी वीस वर्षं त्या पुस्तकापुढं बाजरी ठेवली, त्यांनी दुसरं काय समजावं? त्याच्या पुढच्या वर्षीही मृग कोरडा गेला, तेव्हा सुतार आणि चार जाणती माणसं सोप्यात आली.

"सुभेदार, चौदावा वाचा. पानी सोडा."

"हुकूम न्हाई."

"कुनाचा हुकूम?"

"आक्काचा."

"आवं, येका बाईपाई समदं गाव तहानलंय!"

"गाव तहानलंय ते मला दिसतंय," सुभेदार म्हणाले. "मी बी हितलंच पानी पितो. पर शबुद दिलाय."

दुसऱ्या दिवसापासून हजेरीला कुणी येईना. चार वाजता सुभेदारांनी पाट मांडला. समोर काकू, आक्का आणि मी. सुभेदारांनी नावं पुकारायला सुरुवात केली. सगळी. प्रत्येक नावानंतर ते थांबत, रिकाम्या जागेकडं बघत आणि "गैरहाजीर" असं स्वतःच म्हणत. मग आमच्या तिघांसाठी त्यांनी तितक्याच खड्या आवाजात वाचलं. असं त्यांनी दोन महिने केलं. रस्त्यात माणसं तोंड फिरवायची, न्हाव्यानं त्यांची दाढी करणं सोडलं, तेव्हा ते स्वतःच आरशाविना दाढी करून गालांवर काप घेऊन यायचे. एवढी माया त्या पुस्तकावर, एवढा मान त्या सोप्यातल्या गर्दीचा, आणि दोन्ही त्यांनी एका शब्दापायी सोडलं. मी तरुण होतो. शौर्य म्हणजे मोर्चे, तुरुंग, असं समजत होतो. गालावरचे ते काप बघून माझी समजूत बदलली.

मी एकदा धीर करून विचारलं, "तुम्हाला चौदावा आठवत असेलच. मनातल्या मनात तरी..."

"न्हाई, मास्तर. मनात आला की उठून पानी पितो."

लढाई संपली. पलटणी परत आल्या. ब्रह्मदेशातून आलेल्या प्रत्येक शिपायाला सुभेदार गाठत, चाळीस मैल चालून जाऊन गाठत. बिराचं कुणालाच काही माहीत नव्हतं.

पारायण थांबल्यापासूनच्या चौथ्या पावसाळ्यात भादवा निम्मा सरला, तेराव्या भागाची शेवटची चार पानं उरली होती, त्या दुपारी चारच्या ठोक्याला आक्का आली. एकटी नव्हती. तिच्यामागं सुतार होता, न्हावी होता, धनगरणी होत्या, सगळा सोपा भरला. ती घरोघर जाऊन त्यांना उठवून घेऊन आली होती. आल्याआल्या तिनं पेटी उघडली आणि बासन पाटावर आणून ठेवलं.

"वाचा," ती म्हणाली.

"आक्का, कुनी काय बोललं का तुला?" सुभेदारांनी सुताराकडं रोखून पाहिलं.

"कुनी न्हाई बोललं. माजी मीच बोलले. सकाळी पान्याला गेले तर समद्या बाया वाट सोडून बाजूला झाल्या. म्हनलं, त्यो काळा राजा आन् मी, काय फरक ऱ्हायला? मी बी भ्यापायीच कोंडलंय न्हवं? आन् बिराला तरी किती दिस आसं वाटंवर हुबं ठिवायचं. वाचा तुमी. इसरायची आसले तर इसरीन."

त्या वाचनानंतर पाऊस आला का, असं मला पुष्कळ जण विचारतात. आला, उशिरा आणि बेताचा, त्या मुलखात येतो तसा. मला तो आठवतसुद्धा नाही. मला ते वाचन आठवतं.

तेराव्याची चार पानं संपवून सुभेदारांनी चौदावा उघडला. रोज एक-दोन अध्यायांवर थांबणारा माणूस थांबेना. कुणी उठेना. पखालीनं अंजन घातलं, तो डोंगराच्या दाराशी पोचला. आणि गोष्ट त्याच्या आईच्या झोपडीकडं वळली, तेव्हा सुभेदारांनी एकदा आक्काकडं बघितलं. ती पदर घट्ट धरून बसली होती. त्यांनी वाचलं:

"दूतांनी विचारिले, बाई, तुला पुत्र होता काय? ती म्हणाली, नाही बाबा, मी एकटीच आहे. असे म्हणून तिने चुलीवरची भाकरी उतरविली, दुसरी थापून तव्यात टाकिली, आणि ती दुसरी फडक्यात बांधून शिंक्यावर ठेविली. इकडे डोंगरात..."

"थांबा," आक्का म्हणाली.

वाचन मध्येच थांबवायची मुभा त्या सोप्यात कुणालाच नव्हती. सुभेदार थांबले.

"मागचं पुन्यांदा वाचा. चुलीपासनं."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"येकली हाय म्हनती," आक्का म्हणाली, "मग दुसरी भाकर कुनाची?"

सुभेदारांनी पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, त्या ओळीवर बोट ठेवलं, पुन्हा मनाशी वाचलं. त्या पानावर एकही शेरा नव्हता. मीही ती ओळ आधी दोनदा ऐकलेली होती आणि मला ती ऐकल्याचं आठवत नव्हतं.

"न्हाई इसरली ती," आक्का म्हणाली. तिचा आवाज आता वर चढत होता. "नाव गेलं आसंल त्येचं. त्वांड गेलं आसंल. हातातनं न्हाई गेला. कुनासाटी ते ठावं नसलं म्हून काय झालं, थापली न्हवं?"

धनगरणींतली एक हुंदका देऊन रडायला लागली. सुभेदार चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "सतरा डाव वाचलं, आक्का. सतरा डाव. मला कवा दिसली न्हाई ती भाकर."

"दिसंल कशी?" आक्का म्हणाली. "तुमी कवा थापलीया?"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मग सगळा सोपा हसला, रडणारी धनगरीणही हसली. आक्कानं डोळे पुसले, मांडी बदलली आणि पाटाकडं हात केला.

"वाचा फुडं. पानी सुटू द्या."